जुन्या मोटारीचा डॅशबोर्ड : जीर्णता, जतन आणि रूपांतर

प्रस्तावना

'डॅशबोर्ड' हा शब्द मोटारीपेक्षा जुना आहे. घोड्यांच्या टापांनी उडणारा चिखल हाकणाऱ्याच्या अंगावर येऊ नये म्हणून घोडागाडीच्या पुढील बाजूस जी फळी बसविली जाई, तिचे हे नाव. घोडा गेला, चिखलाचे कारणही संपले. फळी मात्र राहिली आणि तिच्यावर वेगमापक, इंधनमापक, दिव्यांची बटणे व किल्लीची जागा आली. मराठीत 'उपकरणफलक' असा प्रतिशब्द सुचविता येईल. तथापि गॅरेजमध्ये तो कोणी वापरीत नाही, म्हणून प्रस्तुत लेखातही रूढ शब्दच स्वीकारला आहे.

जुन्या मोटारीच्या पुनरुज्जीवनाचा विचार करताना बहुधा इंजिन आणि बाहेरचा रंग यांकडेच लक्ष दिले जाते. डॅशबोर्डचे काम शेवटी, उरलेल्या पैशांत आणि घाईने उरकले जाते. वस्तुतः गाडीचे वय, तिचा वापर आणि तिच्या मालकांच्या सवयी यांची सर्वाधिक नोंद याच भागावर झालेली असते. ती नोंद पुसून टाकायची की राखायची, हा प्रश्न केवळ हौसेचा राहिलेला नाही, हे पुढील उदाहरणावरून स्पष्ट होईल.

कुर्ल्याची गाडी आणि पन्नाशीचा नियम

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यात फियाट कंपनीच्या परवान्याने तयार झालेली 'फियाट ११००' आणि तिचेच पुढील रूप असलेली 'प्रीमियर पद्मिनी' या गाड्यांनी मुंबईच्या रस्त्यांना अनेक दशके त्यांचा चेहरा दिला. मुंबईतील शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव परिवहन कार्यालयात झाली. टॅक्सीसाठी असलेली वीस वर्षांची मर्यादा संपल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती जात रस्त्यावरून गेली. आता उरल्या आहेत त्या खाजगी मालकीच्या गाड्या.

या गाड्यांपुढे एक नवी कसोटी आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुलै २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार पन्नास वर्षांहून अधिक जुन्या दुचाकी व चारचाकी वाहनांची 'व्हिंटेज' म्हणून स्वतंत्र नोंदणी होऊ शकते आणि त्यांच्या क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे येतात. वाहन मूळ स्वरूपात राखलेले असावे, त्यात मोठे फेरबदल झालेले नसावेत, ही त्यातील अट होय. साठच्या दशकातील फियाट ११०० या वयोमर्यादेत केव्हाच आली आणि सत्तरच्या दशकातील पद्मिनी आता येत आहे. अशा वेळी हौसेने लाकडी नक्षीचा डॅशबोर्ड बसविणाऱ्या मालकाने 'मूळ स्वरूप' या दोन शब्दांचा विचार आधी करणे इष्ट ठरते.

जीर्णतेची कारणे

डॅशबोर्ड कशाचा आहे हे ठरविल्याशिवाय त्याला हात लावू नये. पत्रा, फेस भरलेले रेक्झिनचे आवरण आणि कठीण प्लास्टिक हे तीन प्रमुख प्रकार असून तिन्ही वेगवेगळ्या रीतीने झिजतात.

पत्र्याचा डॅशबोर्ड सर्वांत क्षमाशील. फियाट ११०० मध्ये तो दाबून घडविलेल्या पोलादी पत्र्याचा असून त्यावर रंग दिलेला असतो. त्याचा शत्रू ऊन नव्हे, पाणी. समोरच्या काचेभोवतीचे रबर कडक झाले की पावसाळ्यात पाणी झिरपते आणि डॅशबोर्डच्या मागल्या बाजूने, दृष्टीआड, गंज धरतो. पुढून केवळ रंगाचा फुगवटा दिसतो. त्यामुळे रबर न बदलता डॅशबोर्ड रंगविणे म्हणजे गळक्या छपराखालची भिंत रंगविण्यासारखेच होय.

रेक्झिनच्या आवरणाची कथा निराळी आहे. रेक्झिन म्हणून ओळखले जाणारे हे आवरण बहुधा पीव्हीसीचे असते. शुद्ध पीव्हीसी स्वभावतः कडक असते. त्याला मऊपणा देण्यासाठी त्यात मृदुकारी द्रव्ये मिसळलेली असतात. उष्णतेने ही द्रव्ये हळूहळू बाहेर पडतात. काचेच्या आतील बाजूस पुन्हा पुन्हा जमणारा जो तेलकट, धूसर थर कापडाने पुसावा लागतो, त्यात याच द्रव्यांचा मोठा अंश असतो. म्हणजे डॅशबोर्ड अक्षरशः काचेवर उतरत असतो. द्रव्य कमी झाले की आवरण आकसते, ताठरते, आणि हवेच्या झरोक्यांच्या व स्क्रूच्या छिद्रांच्या कोपऱ्यांपासून तडकू लागते, कारण ताण तेथेच एकवटतो.

उष्णता किती, याचेही मोजमाप उपलब्ध आहे. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, उन्हाळ्यात एक तास उन्हात उभ्या केलेल्या गाड्यांच्या डॅशबोर्डचे सरासरी तापमान सुमारे ६९ अंश सेल्सिअस भरले. सावलीतील गाड्यांत ते सुमारे ४८ अंश होते. या वीस अंशांच्या फरकापुढे बाजारातील कोणतेही पॉलिश निष्प्रभ ठरते. विदर्भातील मे महिना अनुभवलेल्या वाचकांना हे वेगळे सांगावयास नको.

पॉलिशचा उल्लेख आलाच आहे, तर एक गोष्ट नमूद करणे आवश्यक आहे. चकाकी देणाऱ्या अनेक द्रवांत सिलिकॉन असते. ते पृष्ठभागाच्या सूक्ष्म भेगांत मुरते आणि पुढे त्यावर रंग चढविला असता रंग ठिकठिकाणी मागे सरून माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. अनेक पेंटर याचा दोष रंगाच्या डब्याला देतात. दोष आदल्या दहा वर्षांच्या चकाकीचा असतो.

दुरुस्तीची पद्धती

सर्वप्रथम बॅटरीची जोडणी काढावी. जुन्या गाड्यांत मोजकेच फ्यूज असतात आणि तारांवरील आवरण ठिसूळ झालेले असते. मापकपेटी ओढताना एखादी उघडी तार पत्र्याला टेकली तर डॅशबोर्डच काय, गाडीही उरत नाही. प्रत्येक तार काढण्यापूर्वी छायाचित्र घ्यावे व चिठ्ठी बांधावी.

मापकपेटी बाहेर आली की पत्र्यावर तिच्या आड एक मौल्यवान पुरावा सापडतो : ऊन न लागलेला मूळ रंग. पुढील रंगाची छटा याच पट्टीवरून जुळवावी आणि तेवढा भाग न रंगविता तसाच ठेवावा. रंग घासताना वॉटर पेपर पाण्यासह वापरावा, कारण जुन्या रंगांत शिसे असण्याची शक्यता असते व कोरडी धूळ श्वासावाटे जाते. गंज काढल्यानंतर फॉस्फेटयुक्त द्रावण, प्रायमर आणि मग रंग हा क्रम आहे. येथे पुट्टीचा मोह टाळावा. दाबून घडविलेल्या पत्र्याच्या धारदार कडा पुट्टीच्या थराखाली गेल्या की डॅशबोर्ड नवा दिसतो, पण त्या गाडीचा दिसत नाही. (आपल्याकडे मोटारीच्या रंगाला आजही 'डुको' म्हणतात, ते १९२०च्या दशकातील एका अमेरिकी कंपनीच्या सेल्युलोज रंगाचे नाव. रंग गेला, नाव राहिले.)

वरच्या पृष्ठभागाला चकचकीत रंग देऊ नये. उन्हात त्याचे प्रतिबिंब काचेवर पडते आणि समोरचा रस्ता पुसट होतो. मंद पोत हा येथे सौंदर्याचा नव्हे, सुरक्षेचा भाग आहे.

तडकलेल्या रेक्झिनसाठी तीन मार्ग आहेत. भेग थोडी असल्यास तिच्या उचललेल्या कडा कापून, खोबण करून लवचीक भरण घालता येते. शेजारच्या भागाचा सिलिकॉन साचा घेऊन भरणावर दाण्याची खूण उमटविता येते आणि शेवटी व्हिनाइलसाठीचा रंग देता येतो. कठीण भरण वापरल्यास पहिल्याच उन्हाळ्यात त्याच्या कडेने नवी भेग पडते, कारण आवरण व भरण सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नाहीत. दुसरा मार्ग वरून तयार टोपण चिकटविण्याचा. तो स्वस्त आहे, पण गोंदामुळे खालचे मूळ आवरण कायमचे जाते. तिसरा मार्ग संपूर्ण आवरण नव्याने चढविण्याचा. पुण्याच्या नाना पेठेसारख्या ठिकाणी हे काम हाताने करणारे कुशनवाले अद्याप आढळतात. जुने आवरण टाके उसवून, नकाशासारखे सपाट पसरून त्यावरून नवे कापणे, ही त्यांची रीत कोणत्याही प्रयोगशाळेत शोभेल अशी आहे. कठीण प्लास्टिकच्या बाबतीत मात्र सावधगिरी हवी : पॉलिप्रोपिलीनवर विशेष प्रायमरशिवाय रंग टिकत नाही, सोलून निघतो.

मापके

जुना वेगमापक विजेवर चालत नाही. गिअरबॉक्सकडून येणारी फिरती केबल एक चुंबक फिरविते. त्याच्या भोवतालच्या ॲल्युमिनियमच्या वाटीत आवर्ती प्रवाह निर्माण होऊन ती चुंबकामागे ओढली जाते, आणि बारीक स्प्रिंग तिला आवरते. काटा थरथरत असेल तर बहुधा केबल कोरडी पडलेली असते. मापक उघडण्याचे कारण नसते. काही गाड्यांत इंधन व तापमान दर्शविणाऱ्या मापकांना ठरावीक सरासरी दाब पुरविणारा एक छोटा नियामक असतो. ही मापके एकाच वेळी चुकू लागली तर दोष त्याच्यात शोधावा.

किलोमीटरचा आकडा दुरुस्तीनंतर शून्यावर आणण्याची प्रथा मात्र सर्वथा त्याज्य आहे. मापक बदलणे भाग पडल्यास जुना आकडा दिनांकासह लिहून ठेवावा. युद्धकाळातील लष्करी जीप हाताशी आली असेल तर अधिक दक्षता घ्यावी, कारण त्या काळच्या काही चमकत्या तबकड्यांवर रेडियमयुक्त रंग असे. चमक गेली तरी किरणोत्सार जात नाही. अशी तबकडी घरी खरवडू नये.

रूपांतराचा प्रश्न

मग मालकाने आपल्या आवडीने काही करूच नये काय? तसे म्हणता येणार नाही. ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ मध्ये संमत केलेल्या 'ट्यूरिन सनदे'ने या प्रश्नाचे समंजस उत्तर दिले आहे : नंतरचे बदल शक्यतो पूर्ववत करता येण्याजोगे असावेत, आणि काढलेले महत्त्वाचे मूळ भाग वाहनाबरोबरच जपावेत. या कसोटीवर मोबाइल चार्ज करण्याची सोय स्वतंत्र फ्यूज व स्वतंत्र तारेसह डॅशबोर्डखाली करणे स्वीकारार्ह ठरते. संगीतयंत्रणेसाठी पत्रा कापणे नव्हे. पूर्वीच्या मालकाने तो आधीच कापला असेल, तर चोरबाजारात दुसरा पत्रा शोधणे हे कापलेला पत्रा ओतीव भरणाने बुजविण्यापेक्षा बरे.

टॅक्सीच्या बाबतीत हा विचार अधिक गुंतागुंतीचा होतो. यांत्रिक भाडेमीटर गाडीच्या बाहेर असे. २०१० नंतरच्या काळात आलेल्या इलेक्ट्रॉनिक मीटरसाठी डॅशबोर्डवर छिद्रे पाडली गेली. त्यांच्या शेजारी गणपतीच्या मूर्तीच्या गोंदाचा डाग, तसबिरीचा खिळा, पंख्याच्या पट्टीचा ओरखडा. २०१५ मध्ये 'टॅक्सी फॅब्रिक' या उपक्रमाने मुंबईच्या टॅक्सींची आसने व छत चित्रांकित कापडाने सजविली, तीही आता इतिहासजमा झाली. कारखान्यातून निघाली तशी पद्मिनी हवी असेल तर ही छिद्रे बुजवावी लागतील. पण त्या गाडीचे आयुष्य टॅक्सी म्हणून गेले असेल, तर छिद्रे हाच तिचा मूळ दस्तऐवज होय. खाजगी पद्मिनी बऱ्याच आहेत. टॅक्सीचा डॅशबोर्ड मात्र भंगारात गेला की पुन्हा मिळणार नाही. म्हणून निदान संग्रहालयासाठी राखलेल्या गाडीत गंज थांबवावा, तारा बदलाव्यात, आणि छिद्रांना हात लावू नये.

कोणताही मार्ग पत्करला तरी कामाची नोंद ठेवावी : आधीची व नंतरची छायाचित्रे, रंगाचा क्रमांक, काढलेल्या रेक्झिनचा हातभर तुकडा, मूळ स्क्रू व बटणे, मापकावरील आकडा. हे सर्व एका पाकिटात घालून गाडी विकताना नोंदणीपुस्तकाबरोबर नव्या मालकाच्या हाती द्यावे.