कुष्ठनिर्मूलनात आशाताईंचे साहाय्य

डिसेंबर २००५ मध्ये देशातील कुष्ठरोगाचे प्रमाण १०,००० लोकसंख्येमागे एकाहून खाली आले. रोग मात्र संपला नाही. सातारा-सांगलीतील ऊसतोड बहुधा चार-पाच महिन्यांत आटोपते, तर बहुविध औषधोपचार ६ किंवा १२ महिने चालतो. टोळी गावी परतली की उपचार खंडित होण्याचे भय असते. कोपीपर्यंत जाऊन रुग्ण कोणत्या गावी परतणार हे टिपून घेणे आशा स्वयंसेविकेलाच साधते. पण चट्ट्यावर मलम मागावयास रुग्ण प्रथम येतो तो आपल्याकडे किंवा औषधांच्या दुकानी. चरकाचार्यांनी कुष्ठाच्या पूर्वरूपांत ‘स्पर्शाज्ञत्व’ सांगितलेच आहे. चट्टा बधिर आढळल्यास मलम न देता रुग्णास प्राथमिक आरोग्य केंद्रात धाडावे व त्याच्या संमतीने आशाताईंना कळवावे. तेथे औषधे विनामूल्य मिळतात.