तिसऱ्या डुकराचं घर कळमेश्वरला टिकलं असतं का?

तीन डुकरांची इंग्रजी गोष्ट ठाऊक आहे ना? एकाचं घर गवताचं, दुसऱ्याचं काटक्यांचं, तिसऱ्याचं विटांचं. लांडग्यानं फुंकर मारून पहिली दोन पाडली, विटांपुढे मात्र त्याचा दम संपला. तात्पर्य काय, तर आळस करू नका! जोसेफ जेकब्स यांनी १८९० साली इंग्रजी परीकथांचं पुस्तक काढलं, त्यात ही गोष्ट आहे. तिथं पहिली दोन डुकरं चक्क लांडग्याच्या पोटात जातात आणि तिसरं डुक्कर लांडग्यालाच शिजवून खातं. हल्लीच्या चित्रांच्या पुस्तकांत हे बहुधा गुपचूप गाळलेलं असतं.

आपल्या चिऊ-काऊच्या गोष्टीतही घरंच आहेत. पण तिथं लांडगा नाही, पाऊस येतो. काऊचं शेणाचं घर वाहून जातं, चिऊचं मेणाचं राहतं, कारण मेण पाण्याला आत शिरूच देत नाही.

आता ही सगळी घरं नागपूरजवळच्या कळमेश्वरला आणू या. तेही मे महिन्यात!

पारा ४५ अंशांवर गेलेला. मधमाश्यांचं मेण वितळतं साधारण ६२ ते ६४ अंशांना, पण त्याच्या कितीतरी आधी मऊ पडतं. मग मधमाश्या कशा राहतात मेणाच्या घरात? त्या पाणी आणून पोळ्यात शिंपडतात आणि पंखांनी वारा घालतात. पिल्लांची जागा त्या ३५ अंशांच्या आसपास राखतात. एकट्या चिऊला हे कसं जमावं? तिच्या भिंती भर दुपारी वाकायला लागतील.

आणि काऊ? तो काही अगदीच वेडा नव्हता हं. शेणात न पचलेल्या गवताचे बारीक तंतू असतात. माती वाळताना तडकते, तेव्हा हे तंतू तिला धरून ठेवतात. म्हणून तर भिंती आणि अंगणं शेणामातीनं सारवतात. उन्हाळाभर काऊ मजेत! आषाढ लागला की पंचाईत.

राहिलं विटांचं घर. इथं लांडग्याची गरजच नाही. कळमेश्वरच्या कपाशीच्या शिवारातली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, इतकी की भेगांत हात जातो. तिच्यावर उथळ पाया घालून घर बांधलं, तर जमीनच त्याला वर-खाली करते आणि भिंतींना तडे जातात. जुनी माणसं शेती काळीत करायची आणि गाव पांढरीवर वसवायची. आता पाया खोल नेतात, किंवा काळी माती उपसून तिथं मुरूम भरतात. मेहनती तिसऱ्या डुकरानं नुसत्या विटा रचल्या असत्या, तर इथं त्याचंही काही खरं नव्हतं.

करून बघायचंय? काळ्या मातीच्या दोन वड्या थापा, एकीत बारीक चिरलेलं सुकं गवत मिसळा. दोन्ही उन्हात वाळवा आणि कोणती जास्त तडकते ते पाहा. मग दोन्हींवर थेंब थेंब पाणी सोडा. आईची परात मात्र विचारून घ्या!