माशांच्या पेटीला रंगीत उजेड

काचेच्या पेटीत पाळलेले मासे आता खेड्यातही दिसू लागले आहेत. कुणाच्या ओसरीवर, कुणाच्या दुकानात, तर कुठे शाळेत अशी पेटी असते. पेटीवर दिवा लावला की मासे शोभून दिसतात. मग वाटतं, हा उजेड जरा निळा असता तर! जरा सोनेरी असता तर!

रंग बदलणारे तयार दिवे बाजारात मिळतात, पण ते महाग पडतात. म्हणून कुणी पाण्यातच रंग किंवा शाई टाकतो. असं मुळीच करू नये. मासा त्याच पाण्यात श्वास घेतो. पाणी बिघडलं की मासा दगावतो. रंग द्यायचा तो उजेडाला, पाण्याला नव्हे.

उजेडाला रंग कसा येतो?

पांढरा उजेड दिसायला साधा, पण त्यात सगळे रंग मिसळलेले असतात. इंद्रधनुष्यात तेच रंग वेगळे होऊन दिसतात. न्यूटन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने १६७२ साली ही गोष्ट प्रसिद्ध केली.

तांबडा कागद उजेडात रंग घालतो, असं आपल्याला वाटतं. तसं नाही. तो तांबडा उजेड पुढे जाऊ देतो आणि बाकीचे रंग अडवतो. चाळणीतून पीठ खाली पडतं आणि कोंडा वर राहतो, तसंच हे. म्हणून रंगीत कागद लावला की उजेड थोडा कमी होतो.

याचा पडताळा घरीच घ्या. तांबड्या पारदर्शक कागदातून हिरवं पान पाहा. ते काळपट दिसेल. माशांचंही तसंच आहे. तांबडा-सोनेरी मासा निळ्या उजेडात काळवंडतो. पिवळसर उजेडात तोच मासा झळकतो. म्हणून आधी आपले मासे पाहा, मग रंग निवडा.

थोड्या खर्चाचे तीन उपाय

पहिला उपाय : दिवा बदला. एलईडी दिव्याच्या खोक्यावर एक आकडा छापलेला असतो. २७०० किंवा ३००० असेल, तर उजेड पिवळसर पडतो. ६५०० असेल, तर पांढरा, किंचित निळसर पडतो. नवीन दिवा घेताना एवढा आकडा वाचला तरी निम्मं काम झालं.

दुसरा उपाय : जिलेटीन कागद लावा. गणपतीच्या मखराला आणि नाटकातल्या दिव्यांना लावतात तोच हा कागद. पेटीवर काचेचं झाकण ठेवा. झाकणावर कागद पसरा आणि त्यावर दिवा ठेवा. एक पदर लावला तर रंग फिका येतो, दोन पदर लावले तर गडद येतो. काही महिन्यांनी कागद विटतो, तेव्हा बदलावा. मात्र जुन्या तारेच्या बल्बजवळ हा कागद लावू नका. तो बल्ब फार तापतो. कागद वितळेल, पेटही घेईल. एलईडी दिवाही कागदात गुंडाळू नका. त्याला वारा लागू द्या.

तिसरा उपाय : मागची बाजू रंगवा. पेटीच्या मागच्या काचेला बाहेरून काळा किंवा निळा कागद चिकटवा. दिवा तोच राहतो, पण माशांचे रंग उठून दिसतात. याला विजेचा खर्च काहीच नाही.

पेटीत जिवंत पाणवनस्पती असतील, तर हिरवा कागद लावू नका. वनस्पतींना तांबडा आणि निळा उजेड अधिक लागतो. नेमका तोच हा कागद अडवतो.

पाणी आणि वीज

ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची. पाणी आणि वीज एकत्र आली की जिवाशी गाठ! पेटीत हात घालण्यापूर्वी दिव्याची पिन काढून ठेवा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. वायर पिनेपर्यंत नेताना मध्ये खाली लोंबती ठेवा. मग वायरीवरून ओघळलेलं पाणी खालीच टपकतं, पिनेत शिरत नाही. सोललेली वायर वापरू नका. जमिनीत वीज नेणारी अर्थिंगची तार नीट आहे ना, हे वायरमनकडून पाहून घ्या.

माशालाही रात्र हवी

आपण पाळतो त्या माशांना पापण्या नसतात. उजेड नको झाला, तरी त्यांना डोळे मिटता येत नाहीत. शोभेसाठी रात्रभर निळा दिवा ठेवला, तर माशाला विसावा मिळत नाही. दिवसाचे ८ ते १० तास उजेड पुष्कळ झाला. त्याहून जास्त ठेवलात, तर काचेवर शेवाळ धरतं आणि विजेचं बिलही वाढतं.

नवा रंग लावलात की दोन दिवस माशांकडे लक्ष ठेवा. ते कोपऱ्यात दडून बसले, खाईनासे झाले, तर कागद काढून टाका. मासे पूर्वीसारखे पोहू लागले, खाऊ लागले, की समजावं, रंग त्यांनाही मानवला.