जुन्या कॅराव्हॅनचे मुद्दल

मोटारीमागे जोडून ओढावयाचे ‘एअरस्ट्रीम क्लिपर’ हे ॲल्युमिनियमचे फिरते घर १९३६ साली अमेरिकेत आले. अशा जुन्या कॅराव्हॅनचा जीर्णोद्धार करताना प्रथम पॉलिशचा मोह आवरावा. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अनेक एअरस्ट्रीमच्या पत्र्यावर शुद्ध ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ थर असतो. तोच आतील मिश्रधातूस क्षरणापासून राखतो आणि प्रत्येक घासणीत थोडा झिजतो. हा थर म्हणजे गाडीचे मुद्दल. चार दिवसांच्या चकाकीसाठी ते उधळू नये.

आवश्यक दुरुस्ती अवश्य करावी. गळतीने कुजलेली प्लायवूडची जमीन बदलावी. निखळलेले रिव्हेट, एकाने आतून आधार देऊन व दुसऱ्याने बाहेरून ठोकून, पक्के करावेत. जुने पोचे मात्र असू द्यावेत. केलेल्या प्रवासाची ती खातेवही आहे. तीत खाडाखोड कशाला?