आधी सातबारा काढा

गावाजवळ प्रकल्प येणार अशी कुणकुण लागली की महार वतनाच्या शेतांवर दलाल फिरू लागतात. १९५८ च्या कायद्याने वतने गेली. परत मिळालेली जमीन बहुधा नवीन शर्तीची, भोगवटादार वर्ग २ ची. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय ती विकता येत नाही. स्टॅम्पपेपरवर अंगठा देऊ नका.

सरकारने २०१३ च्या भूसंपादन कायद्याने जमीन घ्यायची ठरवली, तर प्राथमिक अधिसूचनेपासून ६० दिवसांत लेखी हरकत द्या. राष्ट्रीय महामार्गाला मात्र २१ च दिवस. बहुपिकी बागायत शेवटचा पर्याय म्हणूनच घ्यावी, असे कलम १० सांगते. रस्ते, रेल्वे, कालव्यांना त्यातून सूट आहे, ही खरी मेख.

आणि सातबारा अजून आजोबांच्याच नावावर असेल, तर नोटीस कोणाला येणार? वारसनोंदीसाठी तलाठ्याकडे याच आठवड्यात जा.