धंदा विकला, नोकर कोणाचे?

दुकान किंवा कारखाना विकला जातो तेव्हां इमारत, यंत्रें, माल, येणें-देणें आणि नांवलौकिक या सर्वांची किंमत खरेदीखतांत लिहिली जाते. वीस वर्षें तेथें राबलेल्या माणसाच्या नोकरीचा उल्लेख मात्र त्या कागदांत बहुधा नसतो. त्यास काढून टाकलें तर त्याचें देणें कोणीं द्यावयाचें, जुन्या मालकानें कीं नव्या? मनूच्या अठरा व्यवहारपदांत मजुरी बुडविण्याचें ‘वेतनादान’ आणि खरेदीविक्रीच्या तंट्याचें ‘क्रयविक्रयानुशय’ अशीं दोन निरनिराळीं पदें आहेत. आमचा प्रश्न नेमका या दोहोंच्या मध्यें पडतो.

त्याचा कायदेशीर खल होण्यास कारण झालेली गोष्ट आमच्याच मुलखांत, सोलापूर जिल्ह्यांत घडली. पंढरीच्या वारकऱ्यांस परिचित असलेली बार्शी लाइट रेल्वे ही अडीच फुटी रुळांची गाडी एका विलायती कंपनीनें १८९७ सालीं सुरू केली होती. करारान्वयें भारत सरकारनें ती १ जानेवारी १९५४ पासून आपल्या ताब्यांत घेतली. तत्पूर्वीं कंपनीनें नोकरांस नोटिसा देऊन ३१ डिसेंबर १९५३ रोजीं नोकरी संपेल असें कळविलें. बहुतेकांस सरकारनें कामावर घेतलें खरें. परंतु ती नवी नोकरी. नोकरकपातीबद्दल नुकसानभरपाई देण्याचा कायदा १९५३ सालींच झाला होता. त्याच्या आधारें कामगारांनीं कंपनीकडे मागणी केली व मुंबईच्या उच्च न्यायालयांत ते जिंकले. सर्वोच्च न्यायालयानें २७ नोव्हेंबर १९५६ रोजीं तो निकाल फिरविला. कपात म्हणजे चालू धंद्यांतील जादा माणसें कमी करणें. धंदाच बंद झाला किंवा दुसऱ्याकडे गेला तर ती कपात नव्हे, असा अर्थ न्यायालयानें लाविला. शब्दार्थाच्या दृष्टीनें यांत दोष काढणें कठीण आहे. पण गाडी त्याच रुळांवरून धांवत असतां माणसांची मागची नोकरी एका रात्रींत कोरी झाली, आणि तिचें मोल कोणींच दिलें नाहीं.

संसदेनें १९५७ सालीं औद्योगिक विवाद कायद्यांत नवें कलम घातलें व तें २८ नोव्हेंबर १९५६ पासून लागू केलें. म्हणजे ज्यांच्या भांडणांतून तें उपजलें, त्या बार्शीकरांस त्याचा उपयोग नव्हता! एक वर्ष सलग नोकरी झालेल्या कामगारास, धंदा हस्तांतरित होतांना, एक महिन्याची नोटीस किंवा तितका पगार, आणि प्रत्येक पूर्ण वर्षामागें पंधरा दिवसांचा सरासरी पगार द्यावयाचा. वीस वर्षांचे तीनशें दिवस होतात. हें देणें विकणाऱ्याचें. मात्र नोकरीत खंड पडला नाहीं, अटी पूर्वीपेक्षां वाईट झाल्या नाहींत, आणि पुढें कपात केल्यास मागचीं वर्षें धरून भरपाई देण्यास नवा मालक कायद्यानें बांधलेला असला, तर तें द्यावें लागत नाहीं. तिन्ही गोष्टी एकत्र हव्यात.

पुढें आंध्रांतील अनकापल्लीच्या साखर कारखान्याच्या प्रकरणीं साताऱ्याचे न्या. प्र. बा. गजेंद्रगडकर यांनीं १९६२ सालीं निर्णय दिला कीं, विकणाऱ्याकडून भरपाई आणि घेणाऱ्याकडून नोकरी असे दोन्ही लाभ मागतां येणार नाहींत. हें ठीक, पण विकणाऱ्याची तिजोरीच रिकामी असली तर?

स्कॉटलंडमध्यें फोर्थ ड्राय डॉक या दिवाळखोरींत निघालेल्या जहाजदुरुस्तीच्या कंपनीनें ६ फेब्रुवारी १९८४ रोजीं दुपारीं साडेतीन वाजतां आपल्या कामगारांस तडकाफडकी काढलें, आणि तासाभरानें धंदा विकला. विक्रीच्या क्षणीं ते नोकरींत नव्हते, असा घेणाऱ्याचा बचाव होता. त्यांपैकीं बाराजणांनीं दाद मागितली. १९८९ सालीं हाउस ऑफ लॉर्ड्सनें ठरविलें कीं, विक्रीसाठींच काढलेले नोकर विक्रीच्या क्षणीं कामावर होते असेंच मानावें, आणि नव्या मालकानें जबाबदारी घ्यावी. त्या तासाची किंमत ओळखणारा हा न्याय आम्हांस अधिक पटतो.

आमच्याकडील १९४७ चा कायदा जाऊन २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता आली. तींतही भार विकणाऱ्यावरच आहे. तेव्हां आपल्या घरांतील कोणी कारखान्यांत कारकून असेल आणि कारखाना विकला जात असेल, तर मागील नोकरी सलग धरल्याचें नव्या मालकाचें पत्र विक्रीपूर्वींच मागून घ्यावें. आणि छापखाना विकत घेऊं पाहणाऱ्या गृहस्थानेंही पगारपत्रक आधीं वाचावें, यंत्रें मागाहून पाहावींत.