वाड्याबाहेरचा वाटेकरी : महेश एलकुंचवार

मराठी नाटकाचे माहेर पुणे-मुंबई, अशी आपणा बृहन्महाराष्ट्रातील मंडळींची जुनी समजूत आहे. नाटक तिकडे जन्मते. दौऱ्यावर आलेच तर आपण ते पाहतो! महेश एलकुंचवार यांच्या लेखनप्रवासाने या समजुतीला चांगलाच धक्का दिला आहे.

एलकुंचवारांचा जन्म १९३९ साली यवतमाळ जिल्ह्यातील पारवा या खेड्यात, विदर्भात स्थिरावलेल्या तेलुगू भाषक जमीनदार घराण्यात झाला. शिक्षणासाठी बालपणीच घर सुटले. पुढे नागपुरात इंग्रजीचे अध्यापन करीत त्यांनी लेखन केले. नाटकाकडे ते वळले ते मात्र योगायोगाने. एकदा चित्रपटाचे तिकीट मिळाले नाही, म्हणून ते विजय तेंडुलकरांच्या ‘मी जिंकलो! मी हरलो!’ या नाटकाला गेले, आणि आपणही नाटक लिहावे असे त्यांच्या मनाने घेतले. १९६७ साली ‘सत्यकथे’त ‘सुलतान’ ही एकांकिका प्रसिद्ध झाली. विजया मेहता यांचे तिच्याकडे लक्ष गेले व त्यांनी एलकुंचवारांना रंगमंच मिळवून दिला.

‘गार्बो’, ‘वासनाकांड’ यांसारख्या आरंभीच्या नाटकांतील दाहकता अनेकांना सोसवली नाही. त्याच वाटेने जात राहणे लेखकाला सोपे होते. परंतु १९८५ साली रंगभूमीवर आलेल्या ‘वाडा चिरेबंदी’त त्यांचा स्वर पालटला. आरडाओरडा नाही, धक्के नाहीत. धरणगावकर देशपांड्यांचा एक खचलेला वाडा तेवढा आहे. तात्याजी वारले आहेत, मुंबईहून मुलगा सुधीर आणि सून अंजली आली आहेत, आणि घराण्याच्या इभ्रतीला साजेसे दिवस करायला पैसा नाही. अंगणात बंद पडलेला ट्रॅक्टर गंजतो आहे. आंधळी दादी पुनःपुन्हा वेळ विचारते आहे. रात्री घराण्याचे दागिने अंगावर चढवून उभी राहिलेली वहिनी पाहिली, की गेलेले वैभव आणि आलेले दैन्य एकाच क्षणी डोळ्यांपुढे उभे राहते.

या कुटुंबाची साथ लेखकाने सोडली नाही. ‘मग्न तळ्याकाठी’ व ‘युगान्त’ लिहून त्यांनी पुढच्या पिढीपर्यंत कथा नेली. १९९४ साली चंद्रकांत कुलकर्णी यांनी ही तिन्ही नाटके सलग सादर केली. ‘युगान्त’ला २००२ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला.

ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे येथील आपल्या घराण्यांना हा वाडा परका वाटत नाही. त्याच्या वाटण्या आपल्याही घरांत झाल्या आहेत. नोकरीसाठी गेलेला सुधीर आणि घर धरून बसलेला भास्कर आपल्या परिचयाचे आहेत. पण खरी बोच लावते ती प्रभा. तिला शिकायचे होते; वडिलांनी शिकू दिले नाही. घराण्याची अब्रू राखण्याचा खर्च तिच्या आयुष्यातून वसूल झाला. आपण वाड्यासाठी हळहळतो. प्रभेसाठी हळहळलो का?

हा प्रश्न लेखकाने कोणाच्याही तोंडी घातलेला नाही. प्रयोग संपवून घरी परतताना तो आपल्याबरोबर येतो. आपल्या जुन्या घरांच्या वाटणीपत्रांत आत्या-मावश्यांची नावे आहेत का, हे एकदा काढून पाहावे.